‘अँड’च्या पुढचं जेवण

कागदावर यादी करा, एवढंच सुनेत्राबाई म्हणाल्या होत्या. एक कागद, एक पेन, चोवीस घरं आणि प्रत्येक घरापुढे एक पदार्थ. यात न समजण्यासारखं काय होतं, ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही. पण दीनानाथराव ओगल्यांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "कागद कसला? मी एक छोटंसं वेबपेज करतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या घरात ‘अर्ध्या तासाचं काम’ हे शब्द फार जपून ऐकले जातात. बाथरूमचा नळ अर्ध्या तासाचा होता, तेव्हा ओगले कुटुंब चार दिवस टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या रवींद्रच्या घरी आंघोळीला जात होतं. मागच्या कुंपणाबद्दल तर घरात कोणी बोलतच नाही. तेव्हा सुनेत्राबाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि त्या कामावर निघून गेल्या. त्या फार्मसिस्ट आहेत. एका गोळीच्या जागी दुसरी गोळी गेलेली त्यांच्याकडे चालत नाही आणि घरात मात्र त्यांना हे असं सगळं चालवून घ्यावं लागतं.

कार्यक्रम होता कल्याणीच्या डोहाळजेवणाचा. कल्याणी अमरावतीची, इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. ती आणि तिचा नवरा शंतनू या देशात आले तेव्हा पहिले आठ महिने ओगल्यांच्याच खालच्या खोल्यांत राहिले होते, त्यामुळे भाडेकरू म्हणून आलेली पोर जाताना घरातली होऊन गेली. तिची आई सातव्या महिन्यात यायची होती. तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं. तेवढ्यात वडिलांचं बायपास निघालं आणि सगळंच राहिलं. त्या माउलीने सुनेत्राबाईंना फोन केला, त्यात बोलणं थोडं आणि रडणंच जास्त झालं. सुनेत्राबाई म्हणाल्या, "तुम्ही काही काळजी करू नका. आई इथे नाही असं तुमच्या लेकीला त्या दिवशी क्षणभरही वाटणार नाही."

शब्द देऊन बसल्या, आणि तेव्हापासून बाईंची झोप उडाली. फुलांचे दागिने, हिरवी साडी, ओटी, झोपाळा हे सगळं जमण्यासारखं होतं. पण डोहाळजेवणात खरं महत्त्व त्या मुलीला काय खावंसं वाटतंय याला असतं, आणि तिथे चूक झाली तर आईला काय तोंड दाखवायचं?

आता दीनानाथरावांची बाजूही थोडी ऐकून घेतली पाहिजे. हा माणूस काही उगाच कागदावर रुसलेला नव्हता. मागच्या दिवाळीला यादी व्हॉट्सॲपवर केली होती आणि त्याचा परिणाम म्हणून अकरा खिरी आल्या होत्या. शेवयांच्या चार, गव्हल्यांच्या दोन, बाकीच्या कशाच्या होत्या ते कोणी विचारलं नाही. त्या दिवसापासून पदार्थांच्या नियोजनात शिस्त हवी हे त्यांचं ठाम मत झालं होतं. शिवाय चोवीस वर्षं आयटीत काढलेला माणूस. त्यातली शेवटची नऊ मॅनेजर म्हणून, म्हणजे स्वतः एक ओळही न लिहिता इतरांना ‘कधी होणार?’ असं विचारण्यात गेली, हे खरं. पण हत्यार गंजलं तरी घरात आहे, असा त्यांना विश्वास होता.

आधी हॉलचं झालं. हॉल आपल्या दुकानांनी भरलेल्या पापाटोएटो भागात घ्यायचा ठरला, कारण हार, पेढे, विड्याची पानं सगळं चालत जाऊन आणता येतं. एका छोट्या समितीचा जुना हॉल होता आणि त्यांच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा होता. दीनानाथरावांनी नाव घातलं, तारीख घातली, पत्ता घातला. ओगल्यांचं घर म्हणजे एकतीस नंबरातलं दोन नंबरचं युनिट, आणि इथल्या रीतीप्रमाणे ते 2/31 असं लिहितात. अर्ध्या ऑकलंडचा पत्ता असाच असतो. फॉर्म लाल झाला. पुन्हा भरला, पुन्हा लाल. शेवटी फोन केला. पलीकडे ग्लेनिस नावाच्या बाई होत्या. त्या अतिशय गोड आवाजात, आधी इथला माओरी नमस्कार घालून, म्हणाल्या, "कियोरा. ओह, त्याला ती तिरकी रेघ आवडत नाही, लव्ह. तिथे नुसती मोकळी जागा सोड. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत, झालं काम.

दीनानाथरावांनी मोकळी जागा सोडली. वेबसाइटने ती जागा गिळली, आणि हॉलच्या दाराचा कोड असलेलं पत्र घर नंबर दोनशे एकतीसला गेलं. ते घर रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चढावर. दीनानाथराव पावसाच्या भुरभुरीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, फटफटवत तिथे पोचले तेव्हा एका कुत्र्याने त्यांची अर्धा तास चौकशी केली. घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पत्र उघडून वाचलं होतं आणि आपल्याला कुठल्यातरी समारंभाचं बोलावणं आहे अशा समजुतीने फ्रिजवर लावूनही टाकलं होतं. ते परत मागताना दीनानाथरावांना फार ओशाळं वाटलं.

घरी येऊन त्यांनी ग्लेनिसबाईंना अकरा मिनिटं फोनवर समजावून सांगितलं. मग तेच कुंपणापलीकडच्या रवींद्रला सांगितलं, आणि रात्री जेवताना सुनेत्राबाईंना. "लोक काय वाट्टेल ते लिहिणार. लिहिणारच. तिरकी रेघ देतील, टक्क्याचं चिन्ह देतील. ते सांभाळणं हे लिहिणाऱ्याचं काम नाही, प्रोग्रॅम करणाऱ्याचं आहे. ही आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवायची गोष्ट. मी स्वतः शिकवलीय पोरांना, पुण्यात, दोन हजार चार साली."

सुनेत्राबाई म्हणाल्या, "आमटी वाढू का?"

तर असे हे दीनानाथराव वेबपेज करायला बसले. अर्ध्या तासाचे तीन शनिवार झाले. पण वेबपेज झालं सुरेख, हे मान्य केलं पाहिजे. कडेने झेंडूची वेलबुट्टी. पाहुण्याने आपलं नाव घालायचं, पदार्थ घालायचा आणि बटण दाबायचं. मग त्याची एक खास लिंक तयार व्हायची. तुम्ही काय आणणार ते त्या लिंकच्या पत्त्यातच बसवलेलं असे, त्यामुळे वेगळी साठवण नको, काही नको. या हुशारीवर दीनानाथराव बेहद्द खूश होते. लिंक उघडली की झेंडूच्या चौकटीत यायचं: ‘आपण आणणार आहात’, खाली पदार्थ, आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत: ‘यात कृपया कोणताही बदल करू नये. दुसरे पदार्थ इतरांकडे सोपवलेले आहेत.’ हे दुसरं वाक्य अकरा खिरींच्या आठवणीने घातलं होतं.

मुलगी इरावती विद्यापीठातून घरी आली होती. तिला सगळं मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिने वेबपेज बघितलं आणि विचारलं, "क्यूट, बाबा. डिड यू ट्राय टु ब्रेक इट?"

"आपण केलेली वस्तू आपणच कशाला मोडायची?" दीनानाथराव म्हणाले. त्यांनी तपासणी केली होती. स्वतःचं नाव घातलं होतं, पदार्थ म्हणून ‘खिचडी’ घातला होता आणि खिचडी व्यवस्थित आली होती. सात वेळा खिचडी घातली, सातही वेळा आली. आणखी काय तपासायचं असतं?

कल्याणीसाठी त्यांनी वेगळी लिंक केली. ‘तुला काय खावंसं वाटतंय?’ सुनेत्राबाईंना खरं तर हे तोंडी विचारायचं होतं, पण तोपर्यंत यंत्रणा सुरू झाली होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. दीनानाथरावांनी मोठ्याने वाचलं, "भात."

"भात आणि काय?"

"भात. एवढंच आहे."

सुनेत्राबाई ओट्याशी उभ्या होत्या, त्या वळल्या. "सातव्या महिन्यात पोरीला नुसता भात खावासा वाटतोय? आंबट नाही, तिखट नाही?"

"साधी मुलगी आहे," दीनानाथराव म्हणाले. "सिस्टिममध्ये भात आहे."

बाईंना ते काही पटेना. त्यांनी कल्याणीला फोन करून आडून विचारलंही, "अगं, तू जे लिहिलंस तेच ना? तेवढंच ना?" तिकडून जरा वेळाने उत्तर आलं, "हो काकू, तेवढंच. खूप झालं." मग बाईंनी विचार करायचं सोडलं आणि आंबेमोहोर शोधायला लागल्या.

गुरुवारी रवींद्र कुंपणावरून डोकावला. रवींद्र पुलांची कामं करतो, स्वभावाने सरळ. "दीनानाथ, आमच्या लिंकवर नुसतंच ‘वडे’ आलंय."

"मग वडे आणा."

"नाही, पण सुलभाने लिहिताना..."

"रवींद्र, प्रत्येकाने असा बदल करायचा म्हटलं तर पुन्हा अकरा खिरी येतील. लाल अक्षरं वाचलीस ना?"

रवींद्रने वाचली होती. तो कुंपणाखाली गेला आणि दोन दिवस वर आला नाही. इतरांनी तर विचारलंही नाही. आपली माणसं घरात वाट्टेल तेवढी भांडतील, पण दुसऱ्याच्या कार्यात ‘आमचा पदार्थ अर्धा का घेतला?’ असं विचारायची कोणाची छाती होणार? प्रत्येक घराला वाटलं, उरलेला अर्धा दुसऱ्या कोणाला तरी दिला असेल. ओगल्यांनी एवढा हिशोब मांडलाय, तर त्यांनाच ठाऊक.

सुनेत्राबाईंनी शुक्रवारी यादी मागितली. नऊ वर्षं मॅनेजरकी केलेला माणूस यादी दाखवत नाही, तो सारांश दाखवतो. दीनानाथरावांनी लॅपटॉपवर एक रंगीत गोल तक्ता दाखवला. घरं चोवीस, पदार्थ चोवीस, प्रलंबित शून्य, खिरी शून्य. सगळीकडे हिरवे टिळे. बाई दिवसभर औषधं मोजून दमल्या होत्या. त्यांनी हिरवं बघितलं आणि त्या झोपायला गेल्या.

शनिवारी हॉल छान सजला होता. झोपाळ्याला शेवंतीच्या माळा लावल्या होत्या. हिरव्या साडीतली, फुलांचा मुकुट घातलेली कल्याणी त्यावर टेकून बसली होती आणि शंतनू तिच्या मागे उशी कुठे ठेवावी या विवंचनेत होता. साडेबाराला अमरावतीहून आई व्हिडिओवर येणार होती, तिकडे तेव्हा सकाळचे सहा. साडेअकरापासून पाहुणे यायला लागले आणि टेबलावर डबे मांडले जाऊ लागले.

पहिला डबा पुऱ्यांचा होता. दुसरा पुऱ्यांचा. सुनेत्राबाई म्हणाल्या, असू दे, पुऱ्या लागतातच. तिसऱ्यात भाकऱ्या निघाल्या, चौथ्यात थालीपीठं, पाचव्यात पुन्हा पुऱ्या. मग इडल्या, साबुदाण्याचे वडे, दशम्या, घावन, जिलब्या, पुऱ्या. बाई एकेक झाकण उचलत पुढे सरकत होत्या आणि त्यांची चाल हळू होत होती. टेबलाच्या टोकाला त्या थांबल्या.

"अहो," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "जरा इकडे या."

लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला त्या बारीक आवाजाचा अर्थ कळतो. दीनानाथराव आले.

"यात ओलं काय आहे?"

दीनानाथरावांनी टेबल पाहिलं. साठ माणसांचं जेवण होतं, चांगलं भरगच्च, आणि त्यात बोट बुडवायला एक थेंब नव्हता. भाजी नव्हती, आमटी नव्हती, चटणी नव्हती. सगळ्या टेबलावर ओली म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे गणेश नावाच्या एका एकट्या राहणाऱ्या मुलाने आणलेलं लिंबाचं लोणचं.

"लोणचं आहे," दीनानाथराव म्हणाले.

तेवढ्यात रवींद्र दोन मोठे डबे घेऊन आत आला. "वडे," तो म्हणाला. "फक्त वडे. सूचनेप्रमाणे." त्याच्यामागे त्याची बायको, सुलभाताई, होत्या. त्यांना मात्र राहवलं नाही. त्यांनी मोबाइल काढून दीनानाथरावांच्या नाकासमोर धरला. "हे बघा भाऊजी, मी काय लिहिलं होतं त्याचा फोटोच काढून ठेवला होता. वडे अँड सांबार. ठेवलाय की नाही मी अँड?"

होता. वडे आणि सांबार यांच्यामध्ये ते चिन्ह ठसठशीत बसलेलं होतं, कीबोर्डवर सातच्या डोक्यावर असतं ते, इंग्रजी ‘अँड’चं. ते बघितल्याबरोबर दीनानाथरावांचे कान तापले.

झालं होतं ते असं. वेबच्या पत्त्यात काही चिन्हांना नेमून दिलेली कामं असतात. तिरकी रेघ आली की पुढे नवा कप्पा सुरू झाला. आणि ते ‘अँड’चं चिन्ह आलं की एक माहिती संपली, आता दुसरी. तुम्हाला ते चिन्ह साधं अक्षर म्हणून पाठवायचं असेल तर आधी त्याचं रूप बदलून, टक्का आणि दोन आकडे असं करून पाठवावं लागतं, त्याला एन्कोड करणं म्हणतात. एका शब्दाचं काम. तो शब्द दीनानाथराव लिहायला विसरले होते. त्यामुळे ‘पुरी अँड भाजी’ लिहिणाऱ्या बाईकडून यंत्राने पुरी घेतली आणि भाजी कोणतीतरी दुसरी बाब आहे असं समजून बाजूला टाकली. आणि मराठी घरात एकटा पदार्थ लिहितो कोण? वड्याला सांबार, भाकरीला पिठलं, थालीपीठाला लोणी, जिलबीला मठ्ठा. चोवीस घरांपैकी तेवीस घरांनी जोडीने लिहिलं होतं. एकटी खिचडी घालून तपासणी करणारा माणूस एकच.

शंतनू जवळ येऊन उभा राहिला होता. तोही आयटीतलाच, आणि मनाने इतका निर्मळ की त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, एन्कोड करायचं राहिलं का?"

दीनानाथरावांना पुण्यातली दोन हजार चार सालची ती वर्गखोली दिसली. फळा दिसला. फळ्यावर स्वतःच्या हाताने काढलेलं तेच चिन्ह दिसलं.

"म्हणजे कॉम्प्युटरची चूक झाली," रवींद्र म्हणाला. त्यातही तो मित्राला वाट काढून देत होता.

त्या वाटेने निसटून जाणं सोपं होतं. पण दीनानाथरावांनी आधी लॅपटॉप उघडला. यंत्राने टाकून दिलेलं कुठेतरी नोंदलेलं असतं, कोणी कधी कुठला पत्ता उघडला याची नोंदवही असते. ते वाचू लागले. सांबार. बटाट्याची भाजी. पिठलं. लोणी. मठ्ठा. खोबऱ्याची चटणी. कोणाचा तरी आमरस. एकेक ओळ वाचताना भोवती जमलेल्या बायका ‘अगंबाई’ म्हणत होत्या. मग एक ओळ आली आणि दीनानाथरावांचं बोट थांबलं. ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली नाही. लॅपटॉप नुसता सुनेत्राबाईंकडे वळवला.

‘भात अँड आईची कढी.’

सुनेत्राबाई जवळच्या खुर्चीवर बसल्या. झोपाळ्यावर कल्याणी कोणाशी तरी हसून बोलत होती. आपल्या लिंकवर नुसता भात बघून त्या मुलीला काय वाटलं असेल? कढी मागितलेली काकूंना जास्त वाटली, असंच ना? आणि आपण फोन करून पुन्हा विचारलं, तेवढंच ना म्हणून. तेव्हा ती म्हणाली, खूप झालं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तिच्या आईला शब्द दिला होता हो," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला अर्धंच ताट वाढत होते."

बायको ओरडली असती तर दीनानाथरावांना बरं वाटलं असतं. ते उठले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक नाही. चूक माझी आहे. मी पोरांना शिकवलेली गोष्ट मीच विसरलो." असं म्हटल्यावर आभाळ कोसळेल असं त्यांना वाटलं होतं. सुलभाताई म्हणाल्या, "बरं मग, आता दही कोण आणतंय?"

दीनानाथराव रेशमी कुर्त्यावरच निघाले. बूट सापडेनात म्हणून हॉलमधल्या कोणाच्या तरी जँडल्स घातल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. चार दुकानं टाकून एक गुजराती गृहस्थांचं दुकान होतं, तिथून दोन-दोन किलोच्या दह्याच्या चार बादल्या, बेसन, आलं, लसूण, मिरच्या आणि कढीपत्ता घेतला. दुकानदारांनी सामान बघितलं. "कढी?" त्यांनी विचारलं. "गुड़ डालना, भाई. गुड़ के बिना कढी नहीं होती." आणि गुळाची ढेप न मागता पिशवीत टाकली.

हॉलच्या स्वयंपाकघरात सूपसाठी ठेवलेलं एक प्रचंड पातेलं होतं. त्याच्याभोवती सल्लागार समिती जमलेलीच होती. पुण्याच्या पक्षाचं म्हणणं कढीत हळद घालायची नसते. मुंबईचा पक्ष म्हणाला, आलं चालेल पण लसूण म्हणजे कहर. रवींद्रने पुलाच्या कामाच्या अनुभवावरून पातेलं मध्यभागी नाही असं मत दिलं. तेवढ्यात साडेबारा झाले आणि फोन वाजला. अमरावतीहून कल्याणीची आई. सुनेत्राबाईंनी फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि जे झालं ते सगळं, काही न लपवता, त्यांना सांगितलं.

पलीकडे ती माउली खांद्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "कढी मागितली का माझ्या पोरीनं?"

"हो."

"करतंय कोण?"

सगळ्यांनी दीनानाथरावांकडे बघितलं. पळी त्यांच्या हातात होती, कोणी दिली ते त्यांनाही आठवत नव्हतं.

"भाऊ, बेसन आधी ताकात फेटून घ्या. गुठळी राहू देऊ नका. हळद घालायची. लसूण घालायचा, चांगला ठेचून. गूळ कोणी आणला? ठेवा तो बाजूला." दोन्ही पक्ष गप्प झाले. "आता ढवळा. थांबू नका, थांबलं की फुटते."

दीनानाथराव ढवळू लागले. पाच मिनिटांनी सुलभाताई म्हणाल्या, द्या मी ढवळते. फोनमधून आवाज आला, "त्यांनाच ढवळू द्या. हात बदलला की बिघडते." ते शास्त्र होतं की शिक्षा, ते कळायला मार्ग नव्हता. अर्धा तास दीनानाथराव ढवळत होते. कुर्त्यावर बेसनाचे डाग पडले, चष्म्यावर वाफ धरली, डाव्या पायाच्या जँडलमध्ये उजवा पाय आखडला. ‘कधी होणार?’ असं बाहेरून माणसं विचारत होती. नऊ वर्षं हा प्रश्न त्यांनी इतरांना विचारला होता. होईल तेव्हा होईल, असं ते आतून म्हणाले, आणि त्यांना आश्चर्य वाटलं की हे उत्तर किती खरं आहे. मग फोडणी पडली. चर्र झालं, वास उठला, आणि बाहेरची कुजबुज एकदम थांबली.

कढी आली आणि कार्य तरलं. भातावर कढी, पुरीबरोबर कढी, इडली कढीत, वडे कढीत बुडवून. भाकरी कुस्करून तिच्यावर कढी ओतणारे निघाले. रवींद्रने चार वडे खाल्ले आणि कबूल केलं की सांबारापेक्षा हे बरं लागतंय, त्यावर सुलभाताईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. इरावती वाटीला तोंड लावून म्हणाली, "बाबा, धिस इज ॲक्चुअली रिअली गुड," आणि तिच्या आवाजातलं आश्चर्य दीनानाथरावांनी मनावर घेतलं नाही.

पण ते सगळं नंतर. पहिलं ताट कल्याणीचं होतं. चांदीची ताटली, मध्ये आंबेमोहोराची मूद, आणि सुनेत्राबाईंनी स्वतः मोठ्या वाटीतून कढी ओतली. कल्याणीने ताटाकडे बघितलं, मग काकूंकडे.

"काकू, ही... मला वाटलं तुम्हाला जमणार नाही म्हणून..."

"आधी जेव," सुनेत्राबाई म्हणाल्या. "चूक काकांची आहे, ती नंतर सविस्तर सांगते."

तिने घास घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला तिचं नाक लाल झालं. शंतनू घाबरून उशी घेऊन धावला. "तिखट नाही रे," ती म्हणाली. "घरची आहे." आणि मग जी जेवायला लागली ती मान वर करेना. फोन आता झोपाळ्याच्या माळेत अडकवला होता, आणि त्यातून आई नुसती बघत होती. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा आईने डोळे पुसले. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा ती हसायला लागली. सुनेत्राबाईंनी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पाठ टेकली आणि एक मोठा श्वास सोडला.

तिकडे सकाळचे आठ वाजत आले होते. आई म्हणाली, नवऱ्याला औषध द्यायचं आहे, आता ठेवते. मग आठवण होऊन तिने विचारलं, "सुनेत्राताई, ते तुमचे मिस्टर. ढवळत होते ते. ते काय करतात हो तिकडे?"

दीनानाथराव चार पावलांवर रिकामं पातेलं उचलून उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते जागच्या जागी थांबले. आता बायको जे बोलेल ते त्यांना न्याय्यच वाटणार होतं.

सुनेत्राबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कुर्त्यावरचे बेसनाचे डाग, दोन डाव्या जँडल्स.

"कॉम्प्युटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत," त्या म्हणाल्या.

"असू द्या," आई समजुतीने म्हणाली. "कढी छान करतात."